निळ्या वायरची फेरतपासणी

माणसाला कान दोन असले तरी तो ऐकतो मनाने, आणि मनाने ऐकलेलं कोणत्याही परीक्षेत तपासता येत नाही. म्हणूनच ते नेहमी शंभर टक्के बरोबर असतं. हे थोर सत्य मास्तरांना निवृत्तीनंतर सापडलं. त्याआधी चौतीस वर्षं ते शाळेत विज्ञान शिकवत होते, त्यामुळे सवड मिळाली नव्हती.

निमित्त झालं एका निळ्या वायरचं. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी ही वायर अंगठ्याएवढी जाड होती. आवाजाने कुठल्या दिशेने जायचं ते दाखवणारा बाण तिच्यावर होता (आवाजाची चुकामूक होऊ नये म्हणून). ती जमिनीला टेकली की आवाज मळतो, असं माहितीपत्रकात छापलं होतं, म्हणून मास्तरांनी तिच्याखाली लाकडाचे सात ठोकळे मांडले. ठोकळ्यांना कोणी अडखळू नये म्हणून त्या खोलीत कोणी यायचंच नाही, असा नियम केला.

अडचण एवढीच की घरात जास्तीची खोली ती एकच, आणि मास्तरांची लेक शिवणकाम करायची. तिचं शिलाई मशीन पॅसेजमध्ये. कोणी न्हाणीघराकडे निघालं की टीप अर्धी सोडून तिला टेबल मिटावं लागे. दिवसातून सरासरी एकोणीस वेळा. शेवटी तिने खोली मागितली.

"देईन गं खोली," मास्तर म्हणाले, "पण या वायरीने जो आवाज येतो ना, तो पॅसेजमध्ये मावायचा नाही."

"साध्या वायरीनेही तसाच येतो, बाबा."

"तुला नाही कळायचं. त्याला कान तयार लागतो."

"मग परीक्षा घेऊ. तुम्हीच आठवीत शिकवलंत, उत्तर माहीत असलेल्याने मोजमाप करायचं नाही."

स्वतःचीच शिकवण अंगावर आली की माणूस एकतर तिला सामोरा जातो किंवा आजारी पडतो. मास्तरांना त्या दिवशी साधी शिंकही येईना. नियम ठरले. अ‍ॅम्प्लिफायरपुढे पडदा. पडद्यामागे लेक नाणं उडवणार. छापा पडला तर निळी वायर, काटा पडला तर साधी. तिने खोकायचंसुद्धा नाही. पडद्याबाहेर वही घेऊन मास्तरांची बायको, जिला आतलं काही ठाऊक नाही. गाणं एकच, फेऱ्या सोळा. बारा उत्तरं बरोबर आली तर खोली मास्तरांची, नाहीतर शिलाई मशीनची.

मास्तरांनी डोळे मिटले.

"निळी. बासरीभोवती हवा खेळतेय."

"हवा लिहू?"

"लिही. ही साधी. गाणारीचा चेहरा पुसट झालाय."

"अहो, चेहरा कुठून आला मधेच?"

"तू लिही गं."

सोळापैकी आठ बरोबर आली. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी साधारण तेवढीच बरोबर आली असती, आणि नाण्याला हवाही लागली नसती, चेहराही.

मास्तर डगमगले नाहीत. निकाल वेगळा आणि फेरतपासणी वेगळी, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. त्यांनी लाल पेन काढलं. तिसऱ्या फेरीत शेजारी भिंतीला भोक पाडत होता: रद्द. सहावीत खुर्ची करकरली: रद्द. नववीत मनात निळी होती, तोंडातून साधी निघाली. अकरावीत बायकोने संशयाने "हं" म्हटलं, म्हणजे परीक्षार्थीवर दडपण. चौदावीत त्यांना फारच खात्री वाटत होती. अतिआत्मविश्वासापोटी तीही रद्द. अशा आठ फेऱ्या रद्द झाल्या. त्या आठही चुकलेल्याच निघाल्या, हा केवळ योगायोग. राहिलेल्या आठपैकी आठ बरोबर. शंभर टक्के.

बायकोने वही उलटसुलट पाहिली. "बरोबर आलेल्या फेऱ्यांत शेजारी गप्प होता का?"

मास्तर खोटं बोलत नसत. "नाही. तो पहिलीपासून पाडत होता."

"वर्गातल्या पोरांनी असं केलं असतं तर?"

"रागावलो नसतो. जवळ बसवून पुन्हा लिहायला लावलं असतं."

"मग बसा," ती म्हणाली, आणि खुर्ची सरकवली.

मास्तरांनी लिहिलं: 'प्रयोगात फरक आढळला नाही.' अक्षर सुरेख आलं. संध्याकाळपर्यंत शिलाई मशीन खोलीत गेलं. सातपैकी एक ठोकळा त्याच्या लंगड्या पायाखाली बसला, आणि त्याने पडलेला फरक मात्र घरात सगळ्यांना जाणवला.

शिकवणं मास्तरांनी सोडलेलं नाही. स्पीकर आता पॅसेजमध्ये आहेत. ही हकीकत ऐकून हसत हसत येणाऱ्या प्रत्येकाला ते प्रेमाने बसवतात. एकदा गाणं लावून म्हणतात, "ही साधी." मग तेच गाणं पुन्हा लावून म्हणतात, "आता निळी." वायरीला हात लावत नाहीत. आजवर त्रेचाळीस जण येऊन गेले. चाळिसांना फरक स्पष्ट ऐकू आला. दोघे फोनवर बोलत होते. एकाने विचार करून सांगतो म्हटलं. (मास्तर स्वतः वायर बदलत नाहीत, तरी दुसऱ्या वेळी त्यांनाही बासरी जरा मोकळी वाटतेच.)

तुम्हीही या एकदा. तुमचे कान वेगळे आहेत, हे मास्तर मान्य करतील. आलेल्या त्रेचाळिसांचेही वेगळेच होते.