गुणाजी मास्तरांची पानगळ

रविवारी दुपारी कलावतीबाईंनी नव्याकोऱ्या चादरीची घडी मोडली आणि हॉलमधल्या चित्रावर ती वरपासून खालपर्यंत पांघरली. चादरीवर पिसारा फुलवलेले सहा मोर होते.

"अहो, आज या चादरीला हात लावायचा नाही. आणि चित्राबद्दल चकार शब्द काढायचा नाही. शपथ घ्या."

"कुणाची?" गुणाजी मास्तरांनी विचारलं.

"त्या चित्राचीच घ्या. निदान पाळाल तरी."

मास्तरांनी मुकाट्यानं शपथ घेतली. नौपाड्यातल्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला हे सोपं नव्हतं. चित्र एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन चित्रकाराचं होतं. म्हणजे त्याची छापील प्रत. हेडमास्तरांच्या पुतण्यानं ती अमेरिकेहून आणली तेव्हा बॅगेत मावावी म्हणून चारी कडा कापल्या होत्या, त्यात चित्रकाराचं नावही गेलं. उरली ती पानगळ. निवांत तळं, काठाला झाडांची रांग, आणि झाडांवर असा रंग की जणू रानात लग्न लागलंय आणि कुणी हळदीचं ताट उधळलंय, कुणी कुंकवाचं.

डोंबिवलीच्या या चौथ्या मजल्यावर ते सत्तावीस वर्षं लटकत होतं, आणि घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला मास्तर फूटपट्टी घेऊन ते समजावून सांगत. चार मुद्दे, पंचवीस मिनिटं. श्रोता भला असला तर चाळीस. आपण बोलायला लागलो की माणसं घड्याळाकडे बघतात हे त्यांना ठाऊक होतं. पण घड्याळ चित्राच्या शेजारीच असल्यामुळे ती चित्राकडेच बघताहेत अशी स्वतःची समजूत घालता येई. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीला, संचिताला, बघायला बदलापूरहून पाहुणे आले होते. दुसऱ्या मुद्द्याला मुलाचे वडील झोपले. तिसऱ्या मुद्द्याला मुलाच्या आईला घरी गॅस चालू राहिल्याचं आठवलं. "कळवतो" म्हणून गेले ते गेलेच.

त्या वेळी संचिताला हायसं वाटलं होतं. या वेळी तसं नव्हतं. दिपेश तिच्याच ठाण्याच्या ऑफिसातला, तिनं स्वतः निवडलेला. त्याच्या घरी खडवलीला सगळे राजी होते. फक्त आजीचा होकार यायचा होता. शेवंती आजी हो म्हणाली की हो, नाही म्हणाली की त्या घरात पुढे कुणी तोंड उघडत नसे. आज ती स्वतः घर बघायला येणार होती.

चित्र उतरवूनच का ठेवलं नाही, तर त्यालाही मास्तरच कारण होते. घराला दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा त्यांनी रंगाऱ्यांना चित्राला हात लावू दिला नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी चौकटीच्या भोवतीनं ब्रश फिरवला. चित्र काढलं असतं तर मागे जुन्या गुलाबी रंगाचा चौकोन उघडा पडला असता.

चार वाजता पाहुणे आले. दिपेश, त्याचे वडील साईनाथ भोईर आणि आजी. आजी बारकीशी, नऊवारीतली, नाकात मोठी नथ. सोफ्यावर बसली तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकले नाहीत, पण खोलीचा ताबा तिनं त्या क्षणीच घेतला.

आता बोलायचं काय, असा मास्तरांना प्रश्न पडला. हवेबद्दल बोलावं तर हवेवरून ऋतू निघणार, ऋतूवरून पानगळ. प्रवासाबद्दल विचारावं तर वाटेतली झाडं निघणार. जगातली प्रत्येक वाट त्या चादरीखाली जाते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. म्हणून ते नुसते हसत बसले. सारखं हसणारा मुका माणूस पाहुण्यांना कसा दिसतो याचा विचार त्यांनी केला नव्हता.

त्यात साईनाथ भोईर कल्याणमध्ये वॉटरप्रूफिंगची कामं घेत. भिंतीवर चादर दिसताच त्यांचं चहावरचं लक्ष उडालं.

"सर, वर गच्चीच ना?"

मास्तरांनी मान हलवली.

"पावसाळ्यात काय प्रकार असतो?"

पावसाळ्यानंतर शरद, हे मास्तरांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. साईनाथरावांनी जे समजायचं ते समजून घेतलं. ते उठले, चादरीच्या बाजूनं भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करत फिरले आणि येऊन आईच्या कानाशी लागले. त्यांनी आवाज खाली ठेवला होता, पण साइटवरच्या माणसाचा खालचा आवाज तो. स्वयंपाकघरातल्या कलावतीबाईंनाही ऐकू आला. लीकेज लपवलंय, स्लॅब गेला असणार, बिल्डिंग धोकादायकच्या यादीत आहे का बघायला पाहिजे.

"काय झाकलंय ते?" आजीनं विचारलं.

"चित्र आहे," कलावतीबाई चिवड्याची बशी पुढे करत म्हणाल्या. "धूळ बसते हो फार."

"पावनं आल्यावर बसते व्हय धूळ?"

कलावतीबाईंनी चिवडा आणखी पुढे केला. आजीनं तो घेतला नाही. मास्तरांकडे बघितलं. मास्तर हसले.

"हे बोलत का नाय? आमी पसंत नाय काय यांना?" तिनं अर्धा कप खाली ठेवला. "साईनाथ, सव्वापाचची गाडी गावंल काय रं?"

संचिता दाराशी उभी होती. तिनं आईकडे बघितलं, मग बापाकडे, मग सरळ पुढे येऊन चादर ओढली. सहाच्या सहा मोर जमिनीवर आले आणि भिंतीवर ती लालपिवळी रानझळाळी उघडी झाली.

"बाबा, बोला," ती म्हणाली.

"शपथ आहे गं."

"मी सोडवते. फक्त थोडक्यात."

थोडक्यात हा शब्द मास्तरांनी ऐकला की नाही, सांगता येत नाही. फूटपट्टी त्यांच्या हातात कुठून आली हेही कुणी पाहिलं नाही. पहिला मुद्दा, अमेरिकेतला शरद. तिथे झाडं पानं टाकण्याआधी पेटतात. दुसरा, वर पसरलेलं धूसर धुकं, कारण दूरचं ते धूसर. तिसरा, आभाळात उजवीकडचा तो एकुलता काळा ढग, येणाऱ्या हिवाळ्याची चाहूल. आणि चौथा त्यांचा लाडका, ज्यासाठी ते पहिले तीन सांगत: काठावरची खरी झाडं पुसट आहेत आणि पाण्यातलं प्रतिबिंब मात्र ठसठशीत. म्हणजे चित्रकार म्हणतो, जग धूसर आहे, मनात पडलेली त्याची छाया तेवढी खरी. या वाक्याला मास्तरांचा आवाज सत्तावीस वर्षं न चुकता कापत आला होता. आजही कापला.

साईनाथरावांचे डोळे मिटत आले होते. पण आजी उठली. ती चित्राच्या अगदी पुढ्यात जाऊन टाचा उंचावून उभी राहिली. इतक्या वर्षांत इतक्या जवळून ते बघणारी ती पहिलीच पाहुणी. मास्तरांचा ऊर भरून आला.

"मास्तर," ती म्हणाली, "ह्यो वरती आभाळात पाला कसा?"

"वाऱ्यानं उडालेला, आजी. गती दाखवलीय."

"वारा हाय तर पाणी हलत का नाय?"

मास्तरांची फूटपट्टी हवेतच राहिली.

"आन् ह्यो काळा ढग नाय. ह्यो धोंडा हाय. आमच्या भातसा नदीला असलं पंचवीस दाखवते, लुगडी आपटायचं." तिनं बोट पानांवर नेलं. "साठ वर्सं राबासाठी पाला येचला मी. भात पेरायच्या आधी जाळतो ना शेतात, त्यो. सागाचा, ऐनाचा, पळसाचा. पाला खाली पडतो, मास्तर. वर जात नाय." मग जरा दबकत, जणू मास्तरांनाच लाज वाटू नये म्हणून, ती म्हणाली, "तुमी चित्र उलटं टांगलंय."

दिपेश उठला आणि त्यानं साईनाथरावांच्या मदतीनं चित्र उतरवून जमिनीवर फिरवून ठेवलं. ढगाचा धोंडा झाला आणि पाण्यात जाऊन बसला. उडणारी पानं अलगद तळ्यावर तरंगायला लागली. झाडं वर ठसठशीत उभी राहिली आणि खाली पाण्यात, जशी पडायला हवी तशी, त्यांची पुसट छाया. चौथा मुद्दा कुठेच उरला नाही. सत्तावीस वर्षांत किती माणसांपुढे आपला आवाज कापला, ते मास्तर मनात मोजू लागले, आणि शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांपर्यंत पोचून त्यांनी मोजणं सोडलं.

साईनाथराव मात्र खुश होते. त्यांनी भिंतीवरच्या गुलाबी चौकोनावर पालथा हात फिरवला आणि म्हणाले, "खडखडीत कोरडी आहे."

आजी पुन्हा सोफ्यावर जाऊन बसली. तिनं चिवड्याची बशी स्वतःकडे ओढली.

"किती वर्सं सांगताय तुमी हे?"

"सत्तावीस."

"आन् ह्या दोघी ऐकताहेत?"

"रोज नाही," मास्तर क्षीणपणे म्हणाले. "पाहुणे आले की."

आजीनं संचिताला जवळ बोलावलं, तिच्या हनुवटीला हात लावून बोटं कडाकडा मोडली. "सत्तावीस वर्सं उलट्या चित्राचं पुराण ऐकलं आन् घरात भांडण नाय. ही पोर आमच्या साईनाथच्या लीकेजच्या गोष्टी सहज ऐकंल. साखर आणा कुणीतरी."

साखर आली. गाडी चुकली ती चुकलीच. पाहुणे जेवूनच निघाले. जेवताना आजीनं राबाच्या वेळी बाया म्हणतात ते गाणं हलक्या आवाजात म्हणून दाखवलं:

पाला पडला खाली, त्याची राख झाली,
भाताच्या रोपाला हिरवी शाल आली.

पाहुणे गेल्यावर मास्तर जमिनीवर मांडी घालून चित्रापुढे बसले. कडी आता खालच्या बाजूला आली होती, म्हणून ते भिंतीला टेकवूनच ठेवलं होतं. कलावतीबाई मोरांची घडी घालत होत्या.

"फ्रेमवाल्यानं तरी सांगायचं," मास्तर म्हणाले.

"सांगितलं की. मी होते ना तुमच्याबरोबर. तो म्हणाला, सर, कागदाच्या मागे छापखान्याचं नाव आहे, त्या हिशेबानं ही बाजू वर येते. तुम्ही म्हणालात, मागचं त्यांनी उलटं छापलं असेल, मी चित्रकलेचा शिक्षक आहे."

मास्तरांना ते वाक्य आठवलं. आपला तेव्हाचा आवाजही आठवला.

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस कधी?"

कलावतीबाईंनी घडी मांडीवर ठेवली आणि हातानं ती सपाट केली. "त्या शेवटच्या वाक्याला तुमचा आवाज कापायचा ना," त्या म्हणाल्या, "तेवढ्यासाठी."

साखरपुड्याला घर भरून माणसं आली. चित्र सुलट होऊन भिंतीवर गेलं होतं. मास्तर उठून त्याच्यापुढे उभे राहिले तशी घरची मंडळी सवयीनं मागे टेकून बसली आणि कुणी कुणी घड्याळ बघून ठेवलं. मास्तरांनी तळ्यावरच्या पानांकडे फूटपट्टी नेली.

"पाला खाली पडतो," ते म्हणाले, आणि फूटपट्टी खाली ठेवून चहाचा ट्रे उचलायला गेले.

मागून शेवंती आजीचा आवाज आला. "झालं एवढंच? आमच्या पाड्यावरच्या चार बाया घेऊन आलेय मी खास ऐकायला. बसा मास्तर. ते उलटं होतं तवाचं सांगा."