स्वयंपाकिणीचं गुपित

"लिफ्टमध्ये शून्याचं बटण सगळ्यात खाली असतं ना? मग तिथूनच चढायचं," लेक म्हणाली आणि तिने रिमोट उचलला.

तिचा बाबा लिफ्ट मेकॅनिक, त्याचंच शास्त्र त्याच्यावर उलटलं. तिला शून्य नंबरचा सिनेमा आधी बघायचा होता. अंतराळातल्या जहाजाचे ते तीन सिनेमे लेकीला दाखवायचे म्हणून तो तिच्या जन्मापासून, म्हणजे चांगली नऊ वर्षं थांबला होता. तिसऱ्याच्या शेवटी कळतं, की जहाजावरची मायाळू म्हातारी स्वयंपाकीण हीच शत्रूंची राणी! तेव्हाचा लेकीचा चेहरा त्याला बघायचा होता. बस्, एवढीच इच्छा. पण पुढे कुणा शहाण्याने 'आधीची गोष्ट' म्हणून चौथा सिनेमा काढला, त्याला शून्य नंबर दिला आणि मधेच राणीला मुकुट उतरवून एप्रन बांधताना दाखवून टाकलं. बाकी सगळ्या नुसत्या जहाजाच्या समितीच्या बैठका. सोळा वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी रांग लावून त्याने तो पाहिला आणि घरी येऊन नेम केला, पुन्हा याचं तोंड बघायचं नाही. नेम त्याने मनापासून पाळलाही. पण असले नेम मोडायला एक लेक पुरते.

सिनेमा सुरू झाला. त्याने खिडकी लावली, पुन्हा उघडली. पाणी प्यायला गेला आणि न पिताच परत आला.

"बाबा, बस ना!"

"बसलोय की."

"तू उभा आहेस."

पडद्यावर समिती जमली होती. "हे काका काय ठरवतायत?" लेकीने विचारलं.

"काही नाही. सोळा वर्षांपूर्वीही काही ठरलं नव्हतं."

"मला आवडले हे. आपल्या बिल्डिंगच्या मीटिंगसारखेच भांडतात!" ती खुदुखुदु हसायला लागली. हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. घटकाभर तोही ऐकत राहिला. मग त्याने घड्याळाकडे पाहिलं. एक तास चार मिनिटं. मुकुट उतरतो एक तास बाराला, हे त्याने नेटवर वाचून ठेवलं होतं!

"आलोच हं," म्हणत तो जिन्याने धडाधडा खाली पळाला. बेत साधा होता. मीटरच्या खोलीत जायचं, आपल्या घराची वीज घालवायची, 'काहीतरी बिघडलंय बाई' म्हणायचं आणि उद्या गुपचूप एक नंबर लावायचा.

खोलीत शिरला, खटका ओढला आणि हाताची घडी घालून समाधानाने उभा राहिला. एवढ्यात वरून, भिंतीच्या आतून यावी तशी हाक आली.

"अहोऽऽ! लिफ्ट बंद पडली!"

आवाज बाजारातून परतणाऱ्या बायकोचा होता. त्याने खटक्याकडे पाहिलं. वीस वर्षांची सवय, दुसरं काय! हात आपोआप लिफ्टच्या खटक्यावर गेला होता. म्हणजे वर सिनेमा बिनघोर चालू होता.

खटका परत वर केला, पण ती जुनी लिफ्ट नुसत्या विजेने कुठली हलतेय! गच्चीवरच्या खोलीत जाऊन चाक हाताने फिरवावं लागणार. तो धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आला, चावीने दार उघडलं. बायको दोन पिशव्या घेऊन अर्ध्या मजल्यावर लटकलेली. तिचं डोकं त्याच्या गुडघ्याशी.

"तुम्हीच केलंत ना हे?"

त्याने उभ्या उभ्या सगळं कबूल केलं. बायकोने पिशव्या खाली ठेवल्या.

"अहो, ती पाच वर्षांची असताना दातांच्या डॉक्टरांकडे रडायची थांबेना, तेव्हा तुम्हीच नाही का सगळी गोष्ट सांगितलीत? स्वयंपाकिणीसकट! डॉक्टरांनाही पाठ झालीय."

"मी?"

"नाहीतर कोण? कुठल्या सिनेमात दचकायचं ते तिला आठवत नाही, पण महिनाभर आरशासमोर सराव करतेय बिचारी. 'आई, असं तोंड केलं की बाबाला बरं वाटेल का गं?' तुम्हाला हे समजलंय, ते आता तिला कळू देऊ नका. आणि मला आधी बाहेर काढा, आईस्क्रीम वितळतंय!"

चाक फिरवून हात भरून आले. बायकोच्या मागोमाग तो घरात शिरला. सिनेमा एक तास पाच मिनिटांवर थांबवलेला.

"तू नव्हतास ना," लेक म्हणाली, "म्हणून थांबवला. ये, इथे बस. माझ्याकडे तोंड करून."

तो बसला. पडद्यावर समिती पुन्हा बोलायला लागली. लेक बोटं मोडत होती, ओठ चावत होती, एक डोळा पडद्यावर, एक त्याच्यावर. अर्धं मिनिटही दम निघाला नाही तिला.

"अगं बाई! स्वयंपाकीण!" ती किंचाळली. डोळे हे एवढे, हात तोंडावर.

राणीचा अजून पत्ता नव्हता.

तिला एकटं कसं सोडायचं? मग त्यानेही डोळे विस्फारले, तोंडाचा मोठा आ केला. "अरे देवा! स्वयंपाकीण?"

दारात आईस्क्रीमच्या वाट्या घेऊन आई उभी होती. सोफ्यावर दोघं आ वासून एकमेकांकडे बघत होते आणि पडद्यावर अध्यक्ष घसा खाकरून म्हणत होते, "विषय क्रमांक सात. मागच्या बैठकीचा वृत्तांत."