साडूने लावलेला दिवा

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. शपथेवर सांगतो, कारण मी स्वतः तिथे होतो. म्हणजे, अगदी तिथे नव्हतो. त्या संध्याकाळी मी दीडशे मैलांवर, कनेटिकटमधल्या माझ्या घरी, शिडीवर उभा राहून छपराची पन्हळ साफ करत होतो. पण हॉलिसने ही हकीकत मला इतक्या वेळा सांगितली आहे, की आता त्याच्यापेक्षा मलाच जास्त आठवते.

हॉलिस टिबेट्स हा माझा साडू. न्यू हॅम्पशायरच्या डोंगराळ भागात एका लहानशा गावात राहतो आणि लाकडाच्या वखारीत फळ्या मापतो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्याची लिओना धाकटी, माझी आर्डिथ थोरली. हॉलिसला आयुष्यात दोनच गोष्टींची भीती वाटते, उंचीची आणि लिओनाची. धनुष्यबाणाने हरणांची शिकार करतो, पण उंचीच्या भीतीपायी इतर शिकाऱ्यांसारखा झाडावरच्या मचाणात बसत नाही. खाली रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्याच्यावर बसतो. लिओनाच्या भीतीवर मात्र तसा कुठलाच डबा निघालेला नाही.

मागच्या वर्षी त्याने धनुष्याची नवी दोरी गॅरेजमध्ये 'नुसती ओढून' पाहिली होती. ओढलेली दोरी सुटली आणि बाण लिओनाच्या कपडे धुण्याच्या यंत्रातून आरपार गेला. (यंत्र तेव्हा चालू होतं. आत तिचा नाताळचा टेबलक्लॉथ होता.) त्या दिवशी लिओनाने ओरडाआरडा केला नाही. तिने एक नियम केला.

"हॉलिस, या आवारातून आणखी एक बाण सुटला, तर शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी तू माझ्याबरोबर आर्डिथकडे येशील. चार दिवस."

होय, ती शिक्षा म्हणजे माझं घर. पाहुण्यांच्या खोलीत आर्डिथच्या चिनी मातीच्या एकशे बारा बाहुल्या आहेत आणि सगळ्यांची तोंडं पलंगाकडे आहेत. हॉलिस तिथे एकदाच झोपला होता. 'झोपला' असं आपण म्हणायचं.

यंदाच्या मोसमाचा पहिला दिवस, पंधरा सप्टेंबर, तर त्याला जिवापेक्षा प्यारा होता. जंगलातल्या झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याने उन्हाळाभर एका आठ फाट्यांच्या शिंगांच्या नर हरणाचे फोटो काढले होते. रोज तोच नर, तीच वाट, तीच वेळ, सकाळचे सहा चाळीस. त्यातला एक फोटो हॉलिसच्या पाकिटात, लिओनाच्या फोटोच्या जागी विराजमान झाला होता. (लिओनाचा होता. मागे होता.)

आता मूळ मुद्दा. बाणाच्या बुडाशी दोरीत अडकवायची एक प्लॅस्टिकची खाच असते, तिला नॉक म्हणतात. आजकाल दिव्याचे नॉक मिळतात. बाण सुटला की दोरीच्या धक्क्याने नॉक आत दाबला जातो आणि इवलासा दिवा आपोआप लागतो. संधिप्रकाशात बाण कुठे लागला ते दिसतं, आणि चुकला तर गवतात सापडतो. गेल्या मोसमात हॉलिसचे अकरा बाण गवताने खाल्ले होते. त्याने तीन नॉकचं एक पाकीट मागवलं. वर लिहिलं होतं, 'एकदा लागला की वीस तास.'

बुधवारी संध्याकाळी लिओना चर्चमध्ये मनोरा समितीच्या बैठकीला गेली. ती समितीची अध्यक्ष. चार वर्षं शनिवारी शनिवारी गावाला तिकीट लावून उकडलेल्या बीन्स खाऊ घालून तिने चर्चच्या मनोऱ्याच्या रंगासाठी पैसे उभे केले होते, आणि मागच्याच आठवड्यात मनोरा दुधासारखा पांढरा झाला होता. हॉलिस परसात उभा होता. समोर सरावाचं फोमचं हरीण, हातात धनुष्य, आणि बाणाला नवा नॉक.

'फक्त एकच बाण,' तो स्वतःशी म्हणाला. 'लागतो का नाही तेवढं बघायचं.'

त्याने दोरी ओढली. सोडली. आणि इथे त्याची चूक झाली. नेम लावताना माणूस हरणाकडे बघतो, हॉलिस दिव्याकडे बघत होता. नॉक पेटतो का ते पाहायला त्याने मान वळवली, मानेबरोबर खांदा गेला, खांद्याबरोबर हात. नॉक पेटला! लालबुंद, माणकासारखा. फोमच्या हरणाच्या कानावरून गेला, कुंपणावरून गेला, मेपलच्या शेंड्यावरून गेला, आणि पलीकडच्या चर्चच्या मनोऱ्यात, वारा दाखवणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्याखाली, 'टक्' करून बसला.

आणि तिथे बसून चमकू लागला.

पंचवीस वर्षं हा माणूस 'देवा, माझा बाण दिसू दे' म्हणत गवतात रांगला होता. आज त्याने पहिल्यांदाच हात जोडले, 'देवा, दिसू देऊ नकोस.' पण तिथे आणखी एक पेच होता. त्यांच्या त्या भागात कायदाच आहे, प्रत्येक बाणावर बाण मारणाऱ्याचं नाव आणि पत्ता हवा. हॉलिसचं अक्षर त्याचं त्यालाही लागत नाही. म्हणून त्याच्या सगळ्या बाणांवर, न पुसणाऱ्या पांढऱ्या रंगाने, सुवाच्य अक्षरात, नाव-पत्ता घातला होता लिओनाने.

वीस तास. त्याने बोटांवर मोजलं. उद्या दुपारी तीन. तोवर कुणी मान वर करू नये, एवढंच.

आठ वाजता लिओना घरी आली. कोट काढायच्या आधीच म्हणाली,

"हॉलिस, बाहेर ये. मनोऱ्यावर बघ."

"मनोऱ्यावर? कुठल्या मनोऱ्यावर?"

"गावात मनोरे किती आहेत रे? दिवा बघ ना! लाल!"

हॉलिसने बघितलं. तो दिवा त्याच्याकडे असा रोखून बघत होता, जणू ओळख देतोय.

"त्या रंगाऱ्याने बसवला असणार," लिओना म्हणाली. "विमानांसाठी. सांगितलंसुद्धा नाही रे भल्या माणसाने! पाद्रीबाईंच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. म्हणाल्या, दोनशे वर्षांत या चर्चला कुणी न मागता काही दिलं नव्हतं."

"छान आहे," हॉलिस म्हणाला. त्याचा आवाज मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा निघाला.

"तुला घाम का येतोय?"

"उकडतंय."

"सप्टेंबर आहे, हॉलिस."

गुरुवारी सकाळी वखारीत आर्मंड थिबोडो आला. हा गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख, वजन तीनशे पौंड, आणि पट्टीचा शिकारी. फळीला टेकून तो म्हणाला,

"काय टिबेट्स, मनोऱ्यावरचा दिवा बघितलास?"

"ओझरता."

"जरा तिरका नाही वाटत?"

"वारा असेल."

"हं." आर्मंडने दाढी खाजवली. "असा दिवा मी कुठेतरी बघितलाय रे. कुठे ते आठवेना. आठवेल. मला रात्री अंथरुणात आठवतं सगळं."

त्या दिवशी हॉलिसने एकही फळी बरोबर मापली नाही. अजूनही त्या गावात दोन कोठारं थोडी तिरकी उभी आहेत. घड्याळात तीन वाजले तेव्हा तो शेडच्या मागे जाऊन मनोऱ्याकडे बघत राहिला. दिवा मिणमिणला, मिणमिणला, आणि गेला. हॉलिसला वाटलं, आपण सुटलो. तो घरी शीळ घालत आला आणि मक्याची चार कणसं खाल्ली.

पाचव्या कणसाला लिओना आत आली.

"गेला!"

"कोण?"

"दिवा! काल बसवला, आज बंद! पाद्रीबाई पायरीवर उभ्या राहून वर बघताहेत. मी रंगाऱ्याला फोन केला. तो म्हणतो, मी काही दिवाबिवा लावलेला नाही. आता वर जाऊन बघतो, हे काय प्रकरण आहे. उद्या संध्याकाळी येतोय, उंच शिडी घेऊन."

हॉलिसच्या हातातलं कणीस खाली पडलं. उद्या शुक्रवार. परवा शनिवार, पंधरा तारीख. रंगारी शिडीवर चढणार, बाण बघणार, नाव वाचणार, खाली उतरणार. आणि आठ फाट्यांचा नर सहा वाजून चाळीस मिनिटांनी रिकाम्या डब्यासमोरून निघून जाणार, तेव्हा हॉलिस एकशे बारा बाहुल्यांच्या नजरेत असणार.

"त्याला कशाला त्रास?" हॉलिस म्हणाला. "मी जातो वर."

लिओना खुर्चीवर बसली. "तू? तू तर जिन्यातला बल्ब बदलायला मला बोलावतोस."

"चर्चसाठी करतो."

बिचारीने पुढे होऊन त्याच्या कपाळाचा मुका घेतला. (हॉलिस सांगतो, सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त त्रास त्या मुक्याने झाला.)

शुक्रवारी संध्याकाळी चर्चपुढे निम्मं गाव जमलं. रंगारीही शिडी घेऊन आला होता. हॉलिसने खिशात उरलेल्या दोनांपैकी एक नॉक घातला. बेत सोपा होता. वर जायचं, बाण उपटायचा, शर्टात लपवायचा, खाली येऊन सांगायचं की दिवा पार बिघडला होता, काढून टाकला. नॉक नुसता हाताला चाळा म्हणून घेतला होता.

घंटेच्या खोलीपर्यंत आतून जिना होता. तो हॉलिस डोळे मिटून, पायऱ्या मोठ्याने मोजत चढला. मग खिडकीतून बाहेर, हातभर रुंदीच्या कठड्यावर. खालून पाद्रीबाईंचा आवाज आला, "खाली बघू नका हं, हॉलिस!" त्याने लगेच खाली बघितलं. माणसं शेंगदाण्याएवढी. लिओना त्यातला सर्वांत काळजीतला शेंगदाणा.

बाण डोक्याच्या वर हातभर होता. हॉलिसने तो धरला आणि ओढला. हलेना. दोन हातांनी ओढायचं तर दुसरा हात सोडायला हवा, आणि दुसऱ्या हाताने मनोरा असा धरला होता, जणू त्याच्याशिवाय मनोराच पडेल. त्याने नखाने नाव खरवडून बघितलं. लिओनाने केलेलं काम नखाने जात नाही. खालून आर्मंड ओरडला, "काय रे, काय आहे ते?"

हॉलिसच्या खिशात एकच गोष्ट होती. त्याने बाणाच्या बुडातला मेलेला नॉक उपटला, नवा आत ढकलला, आणि दिवा लागला.

खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी टोपी उडवली. पाद्रीबाईंनी चौकटीला टेकून डोळे पुसले. आर्मंडसुद्धा टाळ्या पिटू लागला. रंगारी म्हणाला, "मग माझं इथे काय काम?" आणि शिडी गाडीवर बांधून निघून गेला. हॉलिस सावकाश, एकेक पायरी उतरून खाली आला. लिओनाने सगळ्यांसमक्ष त्याला मिठी मारली आणि म्हणाली, "उद्या खुशाल जा तुझ्या हरणामागे." बाणाचं गुपित मनोऱ्यातच राहिलं.

इथे गोष्ट संपवायचा माझा विचार होता. संपवलीही असती. पण शपथ सुरुवातीलाच घेऊन बसलोय, तेव्हा कबूल करतो. हॉलिस वर चढला हे खरं. दिवा लावला हेही खरं. खाली उतरला, हे मी रचलं.

तो उतरलाच नाही. त्याला उतरताच येईना. मनोऱ्याला मिठी मारून, डोळे घट्ट मिटून, तो तिथेच उभा राहिला. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. रंगारी शिडी घेऊन गेलेला. आर्मंड आपल्या तीनशे पौंडांसह जिन्यात शिरला आणि पहिल्या वळणावर अडकला. त्याला मागून ओढून काढावं लागलं. शेवटी लिओनाने बूट काढले, स्कर्ट खोचला आणि तीच वर गेली. कठड्यावर आली, नवऱ्याच्या कमरेला हात घातला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली,

"डोळे उघड रे राजा. मी आहे ना. एक पाय इकडे टाक."

हॉलिसने डोळे उघडले. लिओना त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या डोक्यावरून, लाल उजेडात, स्वतःचंच अक्षर वाचत होती.

तिने त्याला एकेक पायरी धरून खाली आणलं, पाद्रीबाईंना शुभरात्री म्हटलं, आणि घराच्या वाटेवर एवढंच म्हणाली,

"गरम स्वेटर घे. त्या खोलीत गारठा असतो."

शनिवारी सकाळी साडेआठला दोघं माझ्या दारात हजर. आमच्याकडेही मोसम त्याच दिवशी उघडतो. मी शिकारीचे कपडे घालून, धनुष्य खांद्याला लावून निघालोच होतो. आर्डिथने माझ्याकडे एकदा बघितलं. मी धनुष्य परत भिंतीवर टांगलं.

संध्याकाळी आम्ही दोघे साडू खिडकीशी कॉफी घेऊन बसलो होतो. बाहेर परसात तीन हरणं आली आणि आर्डिथची फुलझाडं खाऊ लागली. बारा पावलांवर. हॉलिसने माझा हात घट्ट धरला. मी त्याचा. आर्डिथ काचेशी येऊन उभी राहिली.

"गंमतच आहे," ती मला म्हणाली. "तू जंगलात जातोस तेव्हाही ही इथेच येतात, आणि आज तू घरात आहेस तरी इथेच आली. तुझा त्यांना काहीच फरक पडत नाही म्हणायचा!"