पुन्हा या म्हणणारे तुळशीरामजी

तुळशीरामजींच्या घरात एकदा भर दुपारी चोर शिरला. घरात नेण्यासारखं काही नव्हतंच, त्यामुळं तो बिचारा शोधत राहिला अन् शोधता शोधता सापडला. गल्लीतल्या माणसांनी धरला, दोन ठेवून दिल्या, शिपाई आला अन् दोरी बांधून घेऊन निघाला. तेव्हा दारात उभ्या तुळशीरामजींनी हात जोडले, सगळी बत्तीशी दाखवली अन् मोठ्यानं म्हणाले, "पुन्हा या!"

शिपायानं वळून पाहिलं. चोरानंही पाहिलं. आपल्यापैकी नेमकं कोणाला म्हटलं, हे दोघांनाही कळेना.

इंग्रजाच्या राज्यातली गोष्ट आहे ही. वऱ्हाडातल्या मालेगावात आमच्या घरासमोर एका मिलवाल्या कंपनीचं कापडाचं दुकान होतं, अन् तुळशीरामजी त्याचे म्यानेजर. आमचे घरचे, म्हणजे लेकरांचे बाप, तिथं लुगड्या-धोतरांवर गुमास्ते. त्यामुळं तुळशीरामजींचा तमाशा मला सकाळी ओट्यावर भांडी घासता घासता फुकट पाहायला मिळे. अन् त्याचा त्रासही फुकटच मिळे, तो पुढं सांगते.

आधी माणूस बरा होता म्हणतात. मग कंपनीनं सगळ्या म्यानेजरांना मुंबईला बोलावलं. तिथं कोणा गोऱ्या साहेबानं भाषण केलं की नोकर हसरा असला तर माल जास्ती खपतो. भाषण इंग्रजीत. तुळशीरामजींचं इंग्रजी जेमतेम सह्या वाचण्यापुरतं. त्यातून जेवढं कळलं तेवढं त्यांनी मालेगावात लागू केलं, अन् जे कळलं नाही ते तर जास्तीच जोरात लागू केलं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानाच्या फळ्या काढायच्या आधी सगळे गुमास्ते रस्त्याकडं तोंड करून रांगेत उभे. प्रत्येकाच्या हाती कापड मोजायचा गज, पलटणीतल्या बंदुकीसारखा उभा धरलेला. समोर तुळशीरामजी. डोक्यावर काळी टोपी, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला कोट, वैशाखातही.

"दुकान कोणाचं?"

"आपलं!"

"गिऱ्हाईक कोण?"

"देव!"

"देवापुढं तोंड कसं?"

"हसरं!"

"हासा!"

की सगळे हसायला लागत. तुळशीरामजींचा गज वर आहे तोवर हसायचं, गज खाली आला की तोंड मिटायचं. मधेच कोणाचा श्वास तुटला तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी गज जमिनीवर आपटून सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "पुन्हा या!" आमच्या वऱ्हाडात पाहुण्याला 'येत जा' म्हणतात. पण कंपनीचा हुकूम पुस्तकी होता, अन् तुळशीरामजी त्यातला काना-मात्रा इकडचा तिकडं होऊ देत नसत.

करीमचाचा नावाचे म्हातारे गुमास्ते होते. दात सगळे गेलेले, पण जीभ शाबूत. 'आपलं' असं ओरडून झालं की ते हळूच पुटपुटत, "दुकान आपलं, अन् बसाले एक बोरा बी नाई."

खरंच, अंथरायला पोतंही नव्हतं. दिवसभर उभं राहून माणसांचे पाय सुजत. सगळ्यांनी मिळून म्यानेजरांमार्फत कंपनीकडं एक बाकडं मागितलं. पुष्कळ दिवसांनी मुंबईहून उत्तर आलं. बाकडं आलं नाही, सकाळी ओरडायला एक नवं वाक्य आलं: 'उभा नोकर, ताजा नोकर!' तुळशीरामजींनी ते असं काही आनंदानं वाचून दाखवलं, जसं बाकडंच आलं.

जो हसला नाही त्याची चूक धरत. चुकणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या मधोमध उभं राहून एकट्यानं हसायचं. तिसरी चूक झाली की नोकरी गेली.

आमच्या घरच्यांची पहिली चूक दाढेमुळं झाली. गाल हा असा सुजलेला, हसायला तोंड उघडेना. तुळशीरामजी म्हणाले, "एका बाजूनं हासा. हुकमात दोन्ही बाजूनं असं नाई लिहेल."

दुसरी चूक बाजाराच्या दिवशीची. मेडशीची एक म्हातारी डोक्यावर टोपलं घेऊन चालली होती. तिनं पाहिलं, माणसं रांगेनं उभी आहेत, हातात काठ्या आहेत, 'देव, देव' करून ओरडताहेत. ती तिथंच थांबली, टोपलं खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला अन् हात जोडले. सगळं आटोपलं तशी पुढं आली, कनवटीचं कुंकू काढून तुळशीरामजींच्या गजाला लावलं, खाली नारळ ठेवला अन् विचारलं, "कोन्या देवाचं ठानं हाये जी हे?"

करीमचाचा म्हणाले, "मिलवाल्याचं हाये, माय. पन नवसाले पावत नाई."

अन् आमच्या घरच्यांना हसू फुटलं. चांगलं पोटातून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तुळशीरामजींनी चूक धरली. काहून, तर हुकमाआधी हासले!

नारळाचं काय करायचं, हे त्यांना ठरवता येईना. फोडावा की मालात जमा करावा, असं त्यांनी मुंबईला लिहून विचारलं. उत्तर येईपर्यंत नारळ नासून गेला.

झालं, दोन चुका झाल्या. तेव्हापासून आमच्या घरचे न्हाणीत, जेवताना, झोपाळू लेकरू मांडीवर घेऊनही हसण्याची तालीम करायचे. मी एकदा तव्यावर भाकर टाकली अन् मागून असा आवाज आला की माझ्या हातून उलथनं पडलं.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"हासून राह्यलो."

"कायले?"

"कंपनीचा हुकूम हाये."

"अवो, पोरगं रडून राह्यलं तुमचं हासनं पाहून!"

"मंग त्याले बी शिकव," म्हणाले अन् पुन्हा सुरू झाले. हसतच होते, पण डोळे चुलीकडं. तिसरी चूक म्हणजे काय, हे त्या चुलीला माहीत होतं.

तुळशीरामजींचा असा राग येई म्हणून सांगू! मी तर त्यांच्या दारावरून जाताना मुद्दाम तोंड वाकडं करून जायची. ते आपले हात जोडून, "पुन्हा या!" मी त्यांच्या घरी गेलेही नसे, नुसती रस्त्यानं जात असे.

अन् मग कंपनीचा विस्पेक्टर आला. मुंबईचा माणूस, सोनेरी काड्यांचा चष्मा, बोलणं असं की प्रत्येक शब्दाला इस्त्री. मालेगावच्या दुकानात हसणं नीट चालतं का, हे पाहायला कंपनीनं त्याला मोटारीचं भाडं देऊन पाठवलं होतं. बाकड्याला पैसे नव्हते, हसणं तपासायला होते.

नेमकी त्याच दिवशी पहाटे सखू गेली. आमच्या मागच्या गल्लीत नामाजीचा तेलाचा घाणा होता, सखू त्याची बायको. माझ्या जिवाची मैत्रीण. काही दिवस तापानं फणफणत होती, अन् कोंबडा आरवायच्या वेळेला संपली.

मी घरी येऊन घरच्यांना सांगितलं. म्हटलं, "सखू गेली. आज तं हासू नका."

ते टोपी घालत होते, थांबले. "विस्पेक्टर येऊन बसते आज. तिसरी चूक झाली तं?"

मी आत वळून पाहिलं. दोन लेकरं अंथरुणात होती.

सकाळचा तमाशा त्या दिवशी जोरात झाला. घरचे हसले. मला घरात ऐकू आलं, अन् मी कानावर हात ठेवले. मग दुकान उघडलं, विस्पेक्टर मधोमध खुर्ची टाकून बसला. मी सखूकडं जायला म्हणून बाहेर पडले, तर समोरून नामाजी येताना दिसला. खांद्यावर धडपा, पायात काही नाही. तो दुकानाची पायरी चढला.

विस्पेक्टरनं बोट वर केलं. "ग्राहक आला. चला!"

शिकवलेली माणसं ती. पाहिलंही नाही कोण आहे ते. गज वर गेले अन् सगळे हसले. मग एकेकाच्या ध्यानात आलं. आधी करीमचाचांचं तोंड मिटलं, मग बाकीच्यांचं. आमच्या घरच्यांनी मात्र तोंड उघडलंच नव्हतं. ते पायरीवरच्या त्या अनवाणी पायांकडं पाहत होते.

नामाजी म्हणाला, "मांजरपाट द्या."

कोणी कसला म्हणून विचारलं नाही, भाव सांगितला नाही, नामाजीनंही केला नाही. त्या कापडाचा भाव करत नसतात. घरच्यांनी ठाण काढलं, करीमचाचांनी कात्री न लावता टर्रकन फाडलं. तो आवाज मला रस्त्यात ऐकू आला. नामाजीनं घडी काखेत घेतली अन् वळला.

आता तुम्हीच सांगा. मयताच्या घरून निघताना आपण 'येतो' म्हणत नाही. मयताचं कापड नेणाऱ्याला कोणी 'या' म्हणत नाही. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण मुंबईच्या हुकमात मयताचं गिऱ्हाईक लिहिलेलंच नव्हतं. हुकूम एवढाच, की गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत 'पुन्हा या' झालंच पाहिजे.

विस्पेक्टर चष्म्यातून आमच्या घरच्यांकडं पाहू लागला.

"विक्री तुम्ही केली ना? मग निरोप कोण देणार?"

घरच्यांनी मान खाली घातली. ओठ गच्च मिटलेले. मी रस्त्यात उभी, पदराचा बोळा तोंडात कोंबलेला. मला वाटत होतं म्हणू नये, अन् खरं सांगायचं तर, म्हणावं असंही वाटत होतं.

"म्यानेजर," विस्पेक्टर म्हणाला, "याच्या आधीच्या किती चुका?"

तुळशीरामजी गज घेऊन पुढं आले. मी मनात म्हटलं, झालं. हा माणूस चोराला म्हणतो, मांजरीला म्हणतो, आता हा सखूच्या नवऱ्यालाही म्हणणार. नामाजी पायरीवर होता. तुळशीरामजींनी हात जोडले अन् रोजच्या त्याच खणखणीत आवाजात ओरडले,

"नामाजी! पुन्हा नका येऊ!"

नामाजी थांबला.

"ह्या कापडासाठी पुन्हा नका येऊ, भाऊ. लेकराइचे सदरे न्याले या, लग्नाचं लुगडं न्याले या. ह्याच्यासाठी आमच्या दुकानात कधी नका येऊ."

इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांची बत्तीशी तशीच उघडी राहिली होती. तोंड हसत होतं अन् डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या चेहऱ्याला दुसरं काही करता येत नसावं. नामाजीनं नुसती मान हलवली अन् तो निघून गेला.

विस्पेक्टर उभा राहिला. "कंपनीचं वाक्य उलटं? अन् हा गडी गप्प का?"

"माह्या हुकमानं गप्प हाये तो. मांजरपाटाले हासाचं नाई अन् या म्हनाचं नाई, असं मीच याइले सांगेल हाये."

"केव्हा सांगितलंत?"

तुळशीरामजींनी गज खाली ठेवला. "आत्ताच सांगून राह्यलो जी."

आमच्या घरच्यांची नोकरी वाचली. तुळशीरामजींचं म्यानेजरपण गेलं. कंपनीनं त्यांना शेलूबाजारच्या लहान दुकानात साधा गुमास्ता करून धाडलं. तिथं ते दुसऱ्याच्या गजापुढं रांगेत उभे राहू लागले.

जायच्या दिवशी त्यांचं सामान काढायला आमच्या घरचे अन् करीमचाचा गेले. एक पेटी, एक लोटा, एक ताट. त्या ताटाशेजारी दुसरं ताट कधी लागलेलं दिसत नव्हतं. बायको-लेकरं कुठं तरी गावी असतील, असंच आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो. कोणी विचारलंच नव्हतं. सगळ्या मालेगावाला हा माणूस 'पुन्हा या' म्हणत आला, अन् त्याला तसं म्हणायला एका घराचंही दार उघडलं नव्हतं. माझंही नाही.

मोटार यायची होती. मी त्यांना ओट्यावर बोलावलं, चहा दिला. ते कपाच्या काठाकडं पाहत प्यायले. निघाले तेव्हा मी म्हटलं, "तुळशीरामजी, पुन्हा या."

ते गोंधळलेच. टोपी काढली, पुन्हा घातली. या म्हणायची सवय होती, म्हणवून घ्यायची नव्हती ना! अन् मोटारीकडं चालू लागले.

पुढच्या बाजाराला पाहते तर दारात तुळशीरामजी! मग दर बाजाराला यायला लागले. शेलूबाजारहून मोटारीत धूळ खात यायचे, ओट्यावर बसायचे, समोरच्या दुकानाकडं पाहत चहा घ्यायचे अन् मी 'पुन्हा या' म्हटलं की उठायचे. म्हटल्याशिवाय उठत नसत, हे मला हळूहळू कळलं.

एकदा म्हटलं, जरा गंमत पाहावी. मी म्हटलंच नाही. चहा झाला, बाजार उठला, मोटारीची वेळ होत आली, तरी हे आपले बसूनच. ओट्याचा दगड चाचपताहेत, कोटाच्या गुंड्या मोजताहेत, माझ्याकडं पाहताहेत अन् लगेच दुसरीकडं पाहताहेत. मोटारीचा भोंगा वाजला तेव्हा मात्र माझ्यानं राहवेना.

"तुळशीरामजी," मी म्हटलं, "पुन्हा या बरं."

ते झटकन उठले. जोड्यांत पाय घालता घालता, जसं काही मीच त्यांना अडवून धरलं होतं अशा थाटात म्हणाले, "बरं बरं. आता तुमी एवढं म्हनूनच राह्यल्या, तं येतो."