अर्ध्या करंगळीची हकीकत

श्री. तमाम वाचकराज मेहेरबान यांचे हुजुरास जाहीर व्हावे जे, शके अठराशे एकतीस, सौम्य नाम संवत्सर, म्हणजे नावापुरतेच सौम्य, ते साली भंडारे जिल्ह्याच्या उगवतीस, केशोरीनजीक मौजे हेटीटोला येथे सरकार बहादूर आणि देवकाबाई यांमध्ये बहुत दारुण युद्ध जाहले, आणि त्यात दोहींकडील एकही वीर पडला नाही, उलट एक करंगळी नवी उगवली, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. यात पदरचे काही घालीन तर माझ्या धानात करपा पडो.

तर हेटीटोल्यास तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, महादेवाचे पाषाणी देऊळ, भीमाने बांधिले ऐसे गाव म्हणते, आणि भीम नाही म्हणावयास येत नाही. पावसाळ्यात देऊळ शेवाळून काळे पडे, मग दिवाळीच्या मंडईआधी, म्हणजे जत्रेआधी, गावच्या बाया पाळीखालच्या खाणीतली पांढरी छुई माती कालवून अवघे देऊळ सारवीत, आणि पहिला हात देवकाबाईच्या घरचा, आणि सारवण पुरे जाहले म्हणजे दाराच्या उजवे अंगास ओल्या छुईचा पंजा उठवावा तोही त्याच घरचा. हा मान देवकाबाईस सासूने दिला त्यास चाळीस वर्षे जाहली. बाईंची उजवी करंगळी धानकापणीत विळ्याने अर्धी नेली होती, त्याकारणे पंजा साडेचार बोटांचा उठे, आणि महादेवाने कधी तक्रार केली नाही.

ते साली बाईंचे गुडघे शिडीवर लटपटू लागले. तेव्हा मनी निश्चय केला की यंदाचा पंजा सुनेच्या हाती द्यावा. सून दुर्पता, माहेर चिचगडच्या रानातले, घरात येऊन दोन वर्षे जाहली, तरी विहिरीवरच्या बाया तिला 'रानातली' म्हणत आणि तिची घागर शेवटी भरू देत. पंजा एकदा तिचा उठला की ती त्या घरची ठरली, मग कोणाची टाप आहे बोलण्याची! देवकाबाईस बाकी काही नको होते, परंतु हे हवेच होते, आणि गुडघे पुढल्या सालाची हमी देत नव्हते.

इतक्यात अश्विनमासी बैलगाडीवर आरूढ होऊन सरकारची लोखंडी पाटी दाखल जाहली. मालगुजार उदाराम पाटील यांनी फेटा बांधून ती मोठ्याने वाचली ती ऐसी की, सदरहू इमारत आजपासून सरकारने रक्षिली आहे, तीस जो कोणी खरडील, रंगवील अथवा माती फासील तो कैदेस पात्र होईल. वाचून होताच बाया सगळ्या देवकाबाईकडे पाहू लागल्या.

"काऊन जी पाटील," बाई गरजल्या, "घरच्या लेकराले आंघोळ घालाची तं सरकारले इचारून घालाची का?"

"कायदा हाय देवकाबाई. मी का करू?" ऐसे बोलून पाटील जे वाड्यात शिरले ते तीन दिवस बाहेर आले नाहीत, पोटात दुखते ऐसा निरोप मात्र येत राहिला.

मग देवकाबाईंनी मसलत केली आणि सतरा बायांची फौज, नऊ हंडे छुई, चार शिड्या आणि कुंचे अगणित ऐसा सरंजाम घेऊन देवळासमोर चिंचेखाली तळ दिला. सरकारतर्फे झाडू नावाचा कोतवाल एकटा, पट्टा लावून, काठी आडवी धरून दारात उभा. परंतु झाडूची अस्तुरी फुलवंता ही शत्रूकडील दुसऱ्या शिडीची सरदार, तिने दुपारची रसद तोडली. भाकरी समोर चिंचेखाली, आणि झाडू इकडे! तरी गडी हटला नाही. "पट्टा सरकारचा हाय, पोट माहं हाय," इतकेच बोलला, आणि त्या निष्ठेस देवकाबाईंनीही मनोमन मुजरा केला. दोन दिवस कोणी हलले नाही. दुर्पता सासूचे पाय चेपीत बसली होती, ती म्हणाली, "राहू द्या ना मायजी, घागर शेवटी भरली तरी पानी तं तेच येते." हे ऐकून बाईंच्या डोळ्यांस पाणी आले, आणि ते लपवावे म्हणून त्यांनी सुनेस उगीच चार शब्द सुनावले.

तिसरे दिवशी गोंदियाहून चुन्नीलाल मुनशी घोड्यावरून आले. मंडई उद्यावर, आणि उद्याच जुन्या इमारतींचे बार्लो साहेब तपासणीस येणार, सबब साहेबांच्या वहीतील कलमे देवळाशी ताडून ठेवावी ऐसी मुनशींस ताकीद होती. वही उघडिली. कलम पहिले, खांब आठ. मोजले, भरले. कलम दुसरे, भिंती शुभ्र. मुनशींनी काळ्याहिरव्या भिंतीकडे पाहिले आणि त्यांचा चष्मा घसरला. कलम तिसरे, दाराच्या उजवीस मानवी पंजा, करंगळी अर्धी, अतिप्राचीन, कोणत्या राजवटीचा ते ठरणे आहे.

पंजा कोठे? नाही!

"अरे भगवान! पंजा कहाँ गया? हज़ार साल की चीज़ कौन ले गया?" मुनशींनी हंबरडा फोडिला.

वाचकराज, यातील मर्म ऐसे की, साहेब गेले साली आले ते मंडईनंतर चौथे दिवशी. पंजा वाळला होता, साहेबांनी फीत लावून मापिला, वहीत उतरून घेतला, आणि गावातील म्हाताऱ्या पुरुषांस, ब्राह्मणास, पाटलास विचारिले की हा कोणा राजाचा. देवकाबाई चार हातांवर पदर घेऊन उभ्या होत्या. त्यांना कोणी विचारिले नाही, आणि न विचारता सांगणे हे त्यांच्या घराण्यात नव्हते. मग पुढला पावसाळा आला आणि अतिप्राचीन पंजा धुऊन तलावात गेला.

आता बाई उठल्या आणि मुनशींच्या नाकासमोर आपला उजवा हात धरिला. मुनशींनी हात पाहिला, वही पाहिली, पुन्हा हात पाहिला आणि देवळाच्या पायरीवर मटकन बसले. "माँजी, जल्दी लगा दो. मेरी नौकरी का सवाल है."

"कायले? माती लावली तं कैद होते म्हनते तुमची पाटी."

मग तह जाहला. देवळास दरसाल छुई लागावी, बायांस अटकाव नसावा, आणि झाडू कोतवालास आधी जेवू घालावे. मुनशींनी तिन्ही कलमे कबूल केली, झाडूने काठी टाकून भाकरी उचलली, आणि सतरा कुंचे एकदम भिंतीवर चालून गेले. हाहा, काय तो रणसंग्राम! छुईचे शिंतोडे मुनशींच्या टोपीपर्यंत उडाले, फुलवंता शिडीवरून गाऊ लागली, पाटलांचे पोट अचानक बरे होऊन तेही हंडे उचलू लागले, आणि दिवस कलता देऊळ दुधासारखे पांढरे जाहले.

राहिला पंजा. मुनशी हात जोडून देवकाबाईंस म्हणू लागले की तुमचाच हात पाहिजे, वहीत करंगळी अर्धी आहे. दुर्पताही म्हणाली, "तुमीच लावा मायजी, बिचाऱ्याची नौकरी जाईन." बाईंनी हात छुईत बुडविला, भिंतीपाशी नेला, आणि थांबल्या. चाळीस वर्षांचा हात तो, आपोआपच जाऊ पाहत होता. मग तो हात त्यांनी सुनेच्या हातास पुसला, आणि तिचे मनगट धरून, सगळ्या गावादेखत, तिचा पंजा दाराच्या उजवीस दाबून धरिला.

"माहा झाला. आता इचा," इतकेच बोलल्या.

दुसरे दिवशी बार्लो साहेब आले. भिंती पाहून मान डोलविली, मग फीत काढिली आणि पंज्यास लाविली, आणि करंगळीपाशी येऊन थबकले. पुन्हा मापिली. मुनशी महादेवाचा धावा करीत होते, आणि देवकाबाई पदराआड हात घेऊन उभ्या होत्या. साहेबांनी यंदाही बायांस काही विचारिले नाही. मग वहीत शेरा लिहिला तो मुनशींनी वाचून दाखविला, जे, सरकारी संरक्षणाखाली येताच एका सालात पंज्याची करंगळी पूर्ववत भरून आली, खात्याच्या देखरेखीचा हा उत्तम पुरावा असे, सबब येथील बंदोबस्त आहे तैसाच कायम ठेवावा.

त्या संध्याकाळी मंडई अशी भरली की बोलता सोय नाही. आणि दुसरे दिवशी सकाळी विहिरीवर फुलवंतेने आपली भरती घागर बाजूस सारिली आणि म्हणाली, "ये वो देवकाबाईच्या सुने, तू भर पयले."

येणेप्रमाणे मौजे हेटीटोला येथील मोहीम फत्ते जाहली. मिती कार्तिक शुद्ध, सौम्य संवत्सर. साक्षीची निशाणी, दुर्पताबाई, देवकाबाईच्या घरची, यांचा उजवा पंजा. बोटे पाच.