लाल दिवा

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. शाळा लवकर सुटली (म्हणजे मीच सोडली), त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही!

आमच्या शहरात पावसाळ्यात हवा धुऊन निघते. थंडी पडली की मात्र सगळा धूर खाली येऊन बसतो, आणि माझ्या बायकोला धाप लागायला लागली. लग्नानंतरची ही पहिलीच थंडी, आणि सासूबाई तिला न्यायला हजर! "उन्हाळा लागला की पाठवते," म्हणाल्या. उन्हाळा! मी पडलो लाजरा. "राहू द्या ना" एवढंही तोंडातून फुटेना. म्हणून ठरवलं, बोलायचं नाही, घरातली हवाच साफ करायची!

मी फर्निचरच्या कारखान्यात लाकडाला पॉलिशपेपर मारतो. मालकांच्या केबिनमधलं हवा शुद्ध करायचं यंत्र एका रात्रीपुरतं मागितलं आणि सुट्टी होताच ते छातीशी धरून धावत घरी आलो. हवा चांगली असली की त्यावर हिरवा दिवा लागतो, वाईट असली की लाल.

"हिरवा लागला तर राहू दे तिला," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर सकाळची गाडी."

मी खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली, यंत्र सुरू केलं. लाल!

"गॅस बंद कर!" मी ओरडलो. (लग्नानंतर पहिल्यांदाच.) बायकोने भाजी अर्धकच्ची उतरवली. लाल! सासूबाईंची लव सुटणारी शाल बाथरूममध्ये नेऊन टाकली. तरी लाल!

"आता मलाच बाहेर काढता का, जावईबापू?"

"छे छे! आणखी पट्टी आणतो!" म्हणत मी दुकानाकडे पळालो.

परत येतो तर आतून टाळ्या! "अहो, हिरवा झाला!" मी आनंदाने आत उडी मारली.

लाल.

"दारातून धूर शिरला," मी म्हणालो. बायको माझ्याकडे टक लावून बघत होती.

"अहो, जरा जिन्यात जाता?"

गेलो.

"हिरवा!" सासूबाई ओरडल्या. "या आता!"

आलो.

"लाल! जा!"

असं आणखी दोनदा झालं. मग बायकोने मला यंत्रासमोर उभं केलं. "मारा उडी."

मारली. शर्टातून, केसांतून, पँटच्या दुमडीतून लाकडाचा भुसा असा उडाला की यंत्र ट्रकसारखं घरघरायला लागलं.

"अगं बाई!" सासूबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या. "शहराची हवा वाईट आहेच, पण जावईबापू, तुम्ही तर तिची शाखा घरात उघडलीत!"

बायको हसता हसता खोकली, खोकता खोकता हसली. "आई, तू जा. यांना मी रोज जिन्यातच झटकून घेईन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (भुशामुळेही असेल.)

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई एकट्याच गाडीत बसल्या. मी दोनदा अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, बायकोला छान वाटावं म्हणून मानेला, गळ्याला मूठभर पावडर थापली आणि यंत्र परत न्यायच्या आधी ऐटीत त्याच्यासमोर उभा राहिलो.

लाल.

बायकोने नुसतं दाराकडे बोट दाखवलं. माझा डबा मी जिन्यातच घेतला.