निमकरकाकांचा हरकतीचा मुद्दा

मी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लावली, की दुसऱ्या दिवशी तिच्याखाली पेन्सिलीनं, नीटस अक्षरात एक ओळ आलेली असे : 'हा अध्यादेश आहे. सभेपुढे ठेवावा.' सूचना टाकी धुण्याची असो, नाही तर गच्चीला कुलूप लावण्याची. खाली सही नसे, पण तिची गरजही नव्हती. वारज्यातल्या आमच्या चोवीस बिऱ्हाडांत असं लिहिणारा माणूस एकच, तिसऱ्या मजल्यावरचे निमकरकाका.

काका विधानमंडळात प्रतिवेदक होते. सभागृहात कोण काय बोललं ते शब्दशः टिपून घ्यायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन पुण्यात आले ते सभागृह बरोबर घेऊनच. पाणी आलं नाही तर बाकीचे खिडकीतून हाका मारत. काका मला, म्हणजे सेक्रेटरीला, चिठ्ठी पाठवत : 'तारांकित प्रश्न. तोंडी उत्तर अपेक्षित.' जिन्यात गाठून मी 'बघतो, काका' म्हटलं की म्हणत, "मोघम उत्तर. मंत्री देतात असं, तयारी नसली की." लिफ्टच्या दुरुस्तीचा कागद हवा असला तर 'पटलावर ठेवा'. हे पटल म्हणजे पार्किंगमधलं कॅरमचं टेबल. हळूहळू पोरंसोरंही एकमेकांना चेंडू पटलावर ठेवायला सांगू लागली.

त्यांचा सिद्धान्त सगळ्या बिल्डिंगला पाठ होता. नियम करणार सभा, राबवणार कमिटी. दोन सभांच्या मध्ये काही अडलंच तर कमिटीनं अध्यादेश काढावा, पण सभा भरली की तो तिच्यापुढे आणावा. सभेनं मान्य केला तर जगला, नाही तर मेला. आम्ही हसायचो. मी सगळ्यांत जास्त हसायचो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

कारण हिराबाईला मी बाहेर काढलं होतं.

हिराबाई पहाटे मार्केट यार्डातून भाजी आणून आमच्या गेटच्या आत, जिन्याच्या सावलीत बसायची. बिल्डिंग उभी राहिली तेव्हापासून. ही जमीन तिच्या सासऱ्याची. 'हितं आमची विहीर हुती, तिथं आता तुमची लिफ्ट हाय,' असं ती नव्या भाडेकरूंना सांगे, तक्रार म्हणून नव्हे, पत्ता सांगावा तसं. एक दिवस आमचे अध्यक्ष जगदाळे यांनी दुसरी गाडी घेतली. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला : हिराबाईची जागा गाडीला हवी. सकाळी मी सूचना लावली : 'सोसायटीच्या आवारात विक्रीस बसण्यास मनाई आहे.' खाली माझी सही.

मी त्यांना नाही म्हणू शकलो असतो. माझ्या मुलाला जगदाळ्यांच्या ओळखीनं नोकरी लागली होती, एवढंच काय ते कारण. हिराबाईनं वाद घातला नाही. भाजीची पाटी उचलून रस्त्यापलीकडे उन्हात जाऊन बसली. मी ऑफिसला जाताना मोबाइलमध्ये बघत गेट ओलांडू लागलो. निमकरकाका मात्र छत्री घेऊन रोज रस्ता ओलांडत आणि दोन जुड्या घेऊन परतत. सूचनेखाली त्यांची ओळ होतीच.

दीड महिन्यानं वार्षिक सभा भरली. विषयपत्रिकेत हिराबाई नव्हती. जगदाळे सभा संपल्याचं जाहीर करणार, तेवढ्यात काका उभे राहिले.

"हरकतीचा मुद्दा. विक्रीबंदीचा अध्यादेश सभेपुढे आलेला नाही."

"काका, चहा थंड होतोय," जगदाळे म्हणाले. "आणि ती कमिटीची अंतर्गत बाब आहे."

"कमिटी सभेनं नेमली आहे. सभा कमिटीनं नेमलेली नाही." मग ते माझ्याकडे वळले. "सेक्रेटरीसाहेब, या सूचनेचा निर्णय कमिटीच्या कोणत्या बैठकीत झाला?"

जगदाळे माझ्याकडे बघत होते. 'मागच्या बैठकीत' एवढं म्हटलं असतं तर सुटलो असतो. वहीत एक ओळ घालायला कितीसा वेळ लागतो? पण काकांच्या हातात पेन्सिल होती आणि ती माझ्या उत्तराची वाट बघत कागदावर टेकलेली होती.

"कुठल्याच नाही," मी म्हणालो. "अध्यक्षांचा फोन आला आणि मी सूचना लावली. चूक माझी आहे."

काकांनी ते लिहून घेतलं. मग जगदाळ्यांना सूचना मताला टाकावी लागली. तिच्या बाजूनं दोन हात वर झाले, जगदाळ्यांचा आणि त्यांच्या मेव्हण्याचा.

"मग मी गाडी लावू कुठे?" जगदाळ्यांनी विचारलं.

"पटलावर ठेवा," मागून कोणीतरी म्हणालं. हसण्यात सभा संपली. दुसऱ्या दिवशी हिराबाई सावलीत येऊन बसली, आणि मी मोबाइल खिशात ठेवून तिच्यासमोरून गेलो. 'सायेब, वांगी चांगली हायती,' एवढंच ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी काकांकडे गेलो. नोकरीची गोष्ट सभेत बोललो नव्हतो, ती त्यांना सांगायची होती. दार उघडंच होतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मेथी, पालक, चाकवत, सुकलेल्या जुड्यांचा ढीग. गॅसवर भांडं नव्हतं. कोपऱ्यात खानावळीचा डबा.

"काका, एवढी भाजी?"

"डबा येतो मला," ते ओशाळून म्हणाले. "ही गेल्यापासून चूल पेटली नाही. पण हिराबाई रोज विचारते, दादा, कालच्या मेथीचं काय केलं? मी सांगतो, लसूण घालून परतली. कधी म्हणतो, डाळ घातली. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द खरे उतरवले, आता हे खोटं सांगतोय." मग म्हणाले, "पलीकडे रस्त्यावर गेली तेव्हा गाड्यांच्या आवाजात तिचं विचारणं ऐकू येईना."

मी ओट्यावरून त्यातल्या त्यात बरी मेथीची जुडी उचलली. खाली बसून पानं खुडायला लागलो. तेही शेजारी बसले.

"मला एक सांगायचंय," मी म्हणालो. "सभेत अर्धंच बोललो."

काकांनी खिशातली पेन्सिल काढून फरशीवर ठेवली. "याची नोंद होणार नाही. बोला."

मी सगळं सांगितलं. मुलाची नोकरी, तो फोन, गेट ओलांडताना खाली घातलेली मान. ते देठं बाजूला टाकत राहिले. माझं बोलून झालं तेव्हा मेथी निवडून झाली होती.

"लसूण आहे का घरात?" मी विचारलं.

"बघावं लागेल," ते म्हणाले आणि उठले. डब्यांची उघडझाप करता करता, माझ्याकडे पाठ ठेवूनच त्यांनी विचारलं, "पालक अजून बाकी आहे. उद्या वेळ असतो का तुम्हाला?"